भिंगरी काय वाचते

“बाई, वाचता न येणारं मूल ढ असतं का?”

हा प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हता. शिडी आणि गोगलगाय या माझ्या दोन मैत्रिणींनी मला पैजेवर चढवलं होतं. शिडी म्हणजे उंचीने शिडी, आणि गोगलगाय म्हणजे डबा खायला बसली की मधली सुट्टी संपून पुढचा तास सुरू होईपर्यंत खाणारी. “तू हल्ली फार धीट झालीयेस ना? मग जा, पहिलीच्या बाईंना विचारून दाखव,” शिडी म्हणाली. पहिलीच्या बाई म्हणजे शाळेतल्या सर्वांत कडक बाई. आम्ही नववीत गेलो तरी त्या व्हरांड्यातून येताना दिसल्या की आमचे हात आपोआप मागे जातात.

धीट झालीये हे मात्र खरं. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात ‘हजर’सुद्धा शेजारणीला म्हणायला लावायचे. मग एकदा प्रार्थनेच्या वेळी माईकवर बोलणारी मुलगी आजारी पडली आणि कुणीतरी मला पुढे ढकललं. त्या दिवशी माझ्या तोंडाचं कुलूप जे उघडलं ते उघडलंच. आई म्हणते, आता किल्ली सापडत नाहीये.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “ढ मूल मी अजून पाहिलेलं नाही. ढ शिकवणारे मात्र पुष्कळ पाहिलेत. कोण शिकवतंय त्या मुलाला?”

“मी,” मी म्हणाले.

दाराआड शिडी फिसकन हसली.

“असं होय!” बाई म्हणाल्या. “मग एक कर. त्याला काय येत नाही ते मोजणं सोड. ते काय वाचतं ते बघ.”

“बाई, ती काहीच वाचत नाही.”

“काहीच न वाचणारं मूलही मी पाहिलेलं नाही. पळ आता.”

आता हे मूल म्हणजे कोण, ते सांगते. माझी धाकटी बहीण भिंगरी. बालवर्ग संपत आलेला, पुढच्या वर्षी पहिली, आणि फळ्यावरच्या अक्षरांशी तिची ओळखदेखील नाही. तिच्या बरोबरीची पोरं रस्त्यावरच्या पाट्या वाचत जायची आणि ही त्या पाट्यांखालच्या मुंग्या मोजत. चित्रांच्या तक्त्यावरचं एकच अक्षर तिला कधीही विचारलं तरी यायचं. ठ. ठ ठशाचा. त्याचंही कुणाला कौतुक नव्हतं, कारण आमचं घरच ठशांचं. बाबा रबरी शिक्के बनवतात. सगळे म्हणायचे, शिक्केवाल्याची पोर, तिला ठ नाही येणार तर काय येणार!

पुढची खोली कारखाना, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, एक काचेची दिव्याची पेटी जिच्यात रबर तयार होतं, ते धुवायची मोरी, आणि सगळीकडे जांभळी शाई. बाबा रबर घडवतात, आई कात्रीने त्याचे तुकडे कापते, काळ्या मुठींना चिकटवते आणि वर ओळखीची चिठ्ठी लावते. आमच्या घरात कुणाचीच नखं पांढरी नाहीत. भिंगरी चालायला लागल्यापासून या टेबलाखाली, टेबलावर, टेबलाभोवती वाढली.

गोष्ट अशी झाली, की या रविवारी आत्या येणार होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, आयुष्यभर शाळेत शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झालेली. तिने फोनवर सांगून टाकलं होतं, “बाळ्या, तुम्ही दोघं दिवसभर कामात बुडालेले. पोरीकडे कोण बघणार? वर्षभर माझ्याकडे पाठव. तिथल्या शाळेत घालते, वाचायला शिकवते आणि परत आणून सोडते. रविवारी येते तेव्हा एक पान वाचून दाखवलंन तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर तिची पिशवी भरून ठेवा.”

बाबांना आजवर आत्याला नाही म्हणता आलेलं नाही. आई तर म्हणाली, “अक्का म्हणतात त्यात चूक काय आहे? मी संध्याकाळी ‘कमळ’ शिकवते, सकाळी पोर विचारते कमळ म्हणजे काय. पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!” पण असं म्हणताना तिने कात्रीने एक चांगलं रबर मधोमध कापलं. आई कधीच चुकीचं कापत नाही.

भिंगरी टेबलाखालून म्हणाली, “मी नाही जाणार. आत्याकडे टेबल नाहीये.”

तेव्हा मी, माईकवाली, छाती काढून म्हणाले, “रविवारच्या आत मी हिला वाचायला शिकवते!”

आणि मी काय नाही केलं! तक्ता भिंतीवरून काढून न्हाणीच्या दारावर लावला. अक्षरांना चाली लावल्या. ‘ग’ होऊन उभी राहिले, ‘ळ’ होताना पडले. बिस्किटांची लाच दिली. बिस्किटं संपली, अक्षरं राहिली. भिंगरी पुस्तकाकडे असं बघायची जसं लग्नघरात आपण अनोळखी पाहुण्यांकडे बघतो. हसून, आदराने, आणि ‘हे कोण बुवा?’ असा चेहरा करून. बोट ठेव म्हटलं की ओळीच्या भलत्याच टोकाला ठेवायची. लिही म्हटलं की उलटीपालटी अक्षरं काढायची. “लहान मुलं काढतातच तशी,” आई म्हणाली. मीही तेच म्हटलं. आम्ही सगळ्यांनीच तेच म्हटलं.

पैजेचा दिवस शुक्रवार होता. घरी आले तर आईबाबा तयार माल पोचवायला आणि नवं रबर आणायला निघालेले.

“दवाखान्याचा माणूस शिक्के न्यायला येईल,” बाबा म्हणाले. “त्या ताटात आहेत, बाकीच्या गिऱ्हाइकांच्या शिक्क्यांबरोबर. ताटातला क्रम मोडू नकोस, चिठ्ठ्या लावायच्या राहिल्यात.”

“बाबा, मी काय लहान आहे?”

ते कोपऱ्यावर वळले असतील नसतील, मी भिंगरीला समोर बसवून ‘ह हत्तीचा’ शिकवायला घेतला. सोंड म्हणून हात जोरात फिरवला, आणि ताट खाली. सगळे शिक्के जमिनीवर. सगळ्यांच्या मुठी एकसारख्या काळ्या, एकावरही चिठ्ठी नाही. एक तर घरंगळत मोरीपर्यंत पोचला.

“हत्तीने सांडलं,” भिंगरी म्हणाली.

मला रडू येणार होतं, पण धीट माणसं रडत नाहीत असं मी नुकतंच शिडीला सांगितलं होतं. एकच उपाय होता. शिक्क्यावरची अक्षरं उलटी असतात, म्हणजे आरशात दिसतात तशी. बाबा ती सहज वाचतात, मला जमत नाही. मी शाईचं पॅड घेतलं, कागद घेतला, आणि एकेक शिक्का उमटवून बघायला लागले. उमटव, वाच, पूस, बाजूला ठेव. दवाखान्याचा माणूस कधीही आला असता.

भिंगरी गुडघ्यांवर बसून बघत होती. मग कंटाळून म्हणाली, “ताई, शाई कशाला लावतेस? नुसतं वाच ना.”

“नुसतं वाचता येत नाही, गप बस.”

“येतं की.” तिने एक शिक्का उचलला, रबरावर बोट फिरवलं. “हा ‘रद्द’.” दुसरा उचलला. “हा ‘तातडीचे’. हा ‘जपून हाताळा’. हा ‘पुस्तक वेळेत परत करा’. हा पण ‘रद्द’, पण मोठा.”

मी तिच्या हातातून शिक्के ओढून घेतले आणि उमटवले. रद्द. तातडीचे. जपून हाताळा. पुस्तक वेळेत परत करा. रद्द, पण मोठा.

 मग मनात म्हटलं, थांब, उड्या मारू नकोस. हे शिक्के बाबा नेहमी करतात. पोरीला चित्रासारखे पाठ असतील. मी मोरीपाशी गेलेला शिक्का आणला. तिच्याकडे पाठ करून उमटवून बघितला, तो दवाखान्याचा निघाला. बाबांनी तो आज सकाळी, भिंगरी शाळेत असताना पहिल्यांदाच बनवला होता.

“हा काय आहे?”

तिने तो नाकाशी धरला. बोट रबराच्या उजव्या टोकाला ठेवलं आणि डावीकडे सरकवत नेलं. “रि… का… म्या. रिकाम्या. पो… टी. घ्या… वे. रिकाम्या पोटी घ्यावे.” मग मान वर करून म्हणाली, “काय घ्यायचं रिकाम्या पोटी? माझं पोट रिकामंच आहे. बिस्किट दे.”

बिस्किट गेलं खड्ड्यात! मी आतल्या खोलीत धावले, आईचा हातआरसा आणला, बालवर्गाचं पुस्तक उघडून त्याच्यासमोर धरलं आणि म्हटलं, “भिंगरे, पुस्तकात नको बघू. आरशात बघ.”

तिने आरशात पाहिलं. आणि तिचा चेहरा! अनोळखी पाहुण्यांच्या गर्दीत अचानक आपली मावशी दिसावी तसा.

“मांजर भिंतीवर चढले. मांजर खाली पडले. ताई, या पुस्तकात मांजर आहे! तू मला सांगितलंच नाहीस!”

ती धडाधड वाचत सुटली. उंदीर, छत्री, मांजर, पुन्हा छत्री. ठ तेवढा आरशातही तसाच दिसला, म्हणूनच तो एकटा तिला येत होता. मी आरसा धरून उभी, हात भरून आला तरी हलवायची हिंमत नव्हती. इतके दिवस आम्ही घड्याला पालथा म्हणत होतो, आणि घडा मस्तपैकी सुलटा बसून म्हणत होता, हे सगळे छताला उलटे का लटकलेत?

दवाखान्याच्या माणसाने येऊन शिक्के नेले, तेव्हा ते त्याला भिंगरीने वाचून वाचून दिले. तो मला म्हणाला, “हुशार आहे हो.” मी म्हटलं, “हो ना, आम्हालाही आत्ताच कळलं.”

आईबाबा परत आले तेव्हा मी दारातच सुरू झाले. इतकी भरभर बोलले की आईला वाटलं काही जळलं. शेवटी भिंगरीनेच बाबांच्या हातात एक शिक्का दिला आणि रबरावर बोट ठेवून विचारलं, “बाबा, हे काय?”

“ज,” बाबा सवयीने म्हणाले. आणि थांबले. टेबलापाशी तसेच उभे राहिले. “अगं, हे तर ती रोज विचारते! मी काम करत असतो, ही बोट ठेवते, हे काय, ते काय. मी सांगत जातो. मला रबर आणि कागद सारखंच की. उलटं आहे हे डोक्यातच येत नाही.” आणि मग खुर्चीत बसून ते असे हसले, की शाईचा हात कपाळाला लागून भुवई जांभळी झाली. “म्हणजे पोरीला वाचायला मीच शिकवलं, आणि मलाच पत्ता नाही!”

“तुम्हाला स्वतःला तरी सुलटं वाचता येतं ना?” आईने विचारलं. पण ती भिंगरीला कडेवर घेऊन विचारत होती, आणि भिंगरी काही आता कडेवर मावत नाही.

आनंदीआनंद झाला, पण आत्या काही आरसा घेऊन येणार नव्हती. शनिवारी सकाळी मी भिंगरीला आरशाशिवाय पुस्तक दिलं. ती रागावली. “हे उलटं छापलंय. त्यांना परत पाठव.”

“अगं, हेच सुलटं असतं.”

“नाही. सुलटं शिक्क्यावर असतं. कागदावर त्याची सावली पडते. सावली कुणी वाचतं का?”

 तिचं म्हणणं बरोबरच होतं, तिच्या बाजूने पाहिलं तर. पहिलीच्या बाईंचं वाक्य आठवलं, आणि मीही तिच्याशेजारी टेबलाखाली जाऊन बसले.

“भिंगरे, एक गुपित सांगू? शिक्के फक्त आपल्या घरात बनतात. बाकीच्या जगाकडे शिक्के नसतात गं. त्या बिचाऱ्यांकडे फक्त सावल्या असतात. म्हणून ते सावल्याच वाचतात. पुस्तकं, पाट्या, सगळ्या सावल्या.”

तिला जगाची फार दया आली. “सगळे?”

“सगळे. पहिलीच्या बाईसुद्धा.”

“मग मला पण सावल्या वाचायला शिकव,” ती म्हणाली, मोठेपणाने.

मग काय विचारता! भिंगरीने शिक्का वाचायचा, ठप्पकन उमटवायचा, आणि सावलीवर बोट ठेवून तेच पुन्हा वाचायचं, पण डावीकडून. शिक्का, ठप्प, सावली. कागद संपले तेव्हा जुनी खोकी घेतली. खोकी संपली तेव्हा माझा हात. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत ‘जपून हाताळा’ होतं. आईच्या पदरावर ‘मूळ प्रत’. बाबांनी तर मुद्दाम तिच्यासाठी नवे शिक्के केले, आधी दोन अक्षरांचे, मग चार. संध्याकाळी शिडी आणि गोगलगाय चौकशीला आल्या, तर त्यांच्याही हातावर शिक्के बसले. गोगलगायीला मिळाला ‘तातडीचे’. ती म्हणाली, “माझ्याशी असं आजवर कुणी वागलं नव्हतं.” झोपायच्या आधी भिंगरीने शिक्का न उमटवता पुस्तकातली एक सावली वाचली. मग दुसरी. तिसरीला मात्र आरसा मागितला.

रविवारी आत्या आली. हातात एक कोरी पिशवी, तिच्यावर शिवलेला ससा. भिंगरीच्या कपड्यांसाठी. चहा पिताना आत्या सांगत होती, खिडकीजवळचा पलंग तिच्यासाठी मोकळा केलाय, नवी चादर घातलीय, चादरीवरही ससे आहेत. भिंगरी टेबलाखाली होती आणि तिचा एकच पाय दिसत होता.

“ये बाई बाहेर,” आत्या म्हणाली. “काय येतं ते दाखव मला.”

आत्याने स्वतःच्या पिशवीतून पुस्तक काढलं, आम्ही कधी न पाहिलेलं. बाबा पुसलेलं टेबल पुन्हा पुसायला लागले. आईने कात्री हातात घेतली आणि कापायला काहीच नव्हतं. मी तोंडावर हात धरला, कारण माझ्या तोंडाचा मलाच भरवसा नाही.

भिंगरीने पानाकडे पाहिलं. बोट ठेवलं. उजव्या टोकाला.

 आत्याच्या भुवया वर गेल्या. आणि मग भिंगरीने बोट उचललं, मूठ वळली, आणि पानावर हळूच आपटली. ठप्प. मूठ उचलून बोट डाव्या टोकाला नेलं.

“एका… झाडावर… एक… कावळा… राहत… होता.”

बैलगाडीच्या वेगाने चाललं होतं, पण चाललं होतं. जिथे अडायची तिथे ठप्प करायची आणि पुढे जायची. ‘घरटे’ला तर दोनदा ठप्प केलं. कावळ्याला तहान लागली तेव्हा बाबाही पाणी प्यायले. पान संपलं, तेव्हा आईने कात्री खाली ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

“हळू वाचते,” आत्या म्हणाली. “आणि ते पुस्तकाला बुक्के कसले मारते?”

मी तोंडावरचा हात काढणार, तेवढ्यात भिंगरीच म्हणाली, “आता तुझी पाळी.” आणि तिने आत्याच्या हातात एक शिक्का ठेवला. “वाच.”

आत्याने शिक्का डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा फिरवला. “थांब हं… हे ‘व’ आहे का?”

“नाही.”

“मग… चष्मा पुसते जरा.”

“आत्या, तुला वाचता येत नाही?” भिंगरीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. अगदी मायेने. “घाबरू नकोस. तू वर्षभर आमच्याकडे राहा. मी शिकवते तुला.”

 मग आधी आत्याच हसली. असं हसली की ससा मांडीवरून खाली पडला. “बाळ्या, ही कुठून पैदा केलीस रे!” मग मी सगळं सांगितलं, रबर, आरसा, सावल्या. आत्या ऐकत गेली, मधे मधे मला प्रश्न विचारत गेली. मग बोट कुठे ठेवलंन? मग तू काय केलंस? खाली बसलीस टेबलाखाली? मी वर्गातल्या कुठल्याही प्रश्नाला दिली नसतील इतकी मन लावून उत्तरं दिली. शेवटी ती म्हणाली, “माझी हरकत संपली. ही इथेच राहील. तिची मास्तरीण इथे आहे.”

मास्तरीण! मी आरशात बघून आले. नाकावर जांभळी शाई होती, पण शोभत होती.

आणि मग मी एक गोष्ट पाहिली. आईबाबा भिंगरीला घेऊन नाचत होते, आणि आत्या एकटीच खुर्चीत बसून ती सशाची पिशवी घडी घालत होती. एकदा घातली, उलगडली, पुन्हा घातली. खिडकीजवळचा पलंग, नवी चादर. तिच्याकडे सुट्टीत गल्लीतली मुलं वाचायला येतात, हे ती मघाशी सांगत होती. एक मुलगा आहे, म्हणाली, पुस्तक उघडलं की पोट दुखतं म्हणतो, मला अजून उलगडा होत नाही.

मला वाटलं, तो काय वाचत असेल?

मी आत्याच्या हातातून पिशवी घेतली.

“आई, बाबा,” मी माईकवरच्या आवाजात म्हणाले, “जरा इकडे लक्ष द्या.”

“आता काय सांडलंस?” आई म्हणाली.

“काही नाही. भिंगरी कुठेही जात नाहीये, हे तर ठरलंच. पण पलंग तयार आहे आणि त्याच्यावर कुणीतरी झोपायला हवं. पूर्ण सुट्टीभर मी आत्याकडे जातेय. ती मला शिकवायला शिकवणार, आणि त्या पोटदुख्याला मी बघणार. आईचा हातआरसा, बाबांचे लहान शिक्के आणि एक पॅड मी बरोबर नेतेय. आणि बाबा, तोंड असं करू नका, मी विचारत नाहीये, सांगतेय.”